विश्लेषण : बीअर का नासते? भांड्यांच्या स्वच्छतेला शास्त्राचा पाया देणारे लुई पाश्चर कोण होते?

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, विरजणाचे भांडे खरकटे असू नये, हे घराघरांत सांगितले जाते. त्यामागचे कारण मात्र जगाला दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आपण रोज दुधाच्या पिशवीवर वाचतो. लुई पाश्चर यांच्या या शोधाची वाट दुधापासून नव्हे, तर नासलेल्या मद्याच्या पिंपांपासून सुरू झाली. पुढे ती बीअरच्या कारखान्यांतून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचली.

घरी बीअर बनवताना भांड्यांवर इतका भर का?

ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बीअर घरी बनवायला परवाना लागत नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये ही मुभा दिली. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बीअर बनवता येत नाही. जिथे हा छंद कायदेशीर आहे, तिथे नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो भांड्यांचा.

बीअर बनवण्याची रीत थोडक्यात अशी. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड काढा तयार करतात. त्याला वॉर्ट म्हणतात. वॉर्टमध्ये हॉप्सची कडवट फुले टाकून ते उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते.

धोका असतो तो वॉर्ट थंड होण्याच्या आणि यीस्ट जोर धरण्याच्या मधल्या वेळात. कोमट, गोड, पौष्टिक असा हा काढा यीस्टला जितका आवडतो, तितकाच जिवाणूंनाही आवडतो. पिंप, झाकण, रबरी नळी, तोटी, पळी यांपैकी कशावरही आधीच्या खेपेचा अंश राहिला असेल तर तिथले जिवाणू यीस्टच्या आधी पंगतीला बसतात. मग बीअर आंबट होते, तिला तार सुटते किंवा व्हिनेगरचा वास येतो. रानटी यीस्ट शिरले तर बंद बाटलीत वायू वाढत जातो आणि बाटली फुटूही शकते.

हे सगळे आज साधे वाटते. १८५६ मध्ये मात्र युरोपातल्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांनाही ते मान्य नव्हते.

पाश्चर कोण होते?

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील जाँ-जोसेफ हे कातडी कमावणारे होते. त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते आणि त्यांना मानाचे पदकही मिळाले होते. लुई यांचे बालपण द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आर्ब्वा गावात गेले. लहानपणी ते उत्तम चित्रे काढत. आईवडिलांची त्यांनी काढलेली रंगीत खडूंची चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत.

१८४३ मध्ये त्यांना पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला. ते डॉक्टर नव्हते. त्यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे. १८४८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी द्राक्षांच्या मद्याशी संबंधित टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक करून वेगळे केले. दिसायला सारखे असलेले हे स्फटिक आरशातल्या प्रतिमेसारखे एकमेकांच्या उलट होते. डोळ्यांना सारखे दिसते ते सारखे असतेच असे नाही, हा धडा त्यांना इथेच मिळाला. पुढच्या आयुष्यात तो वारंवार उपयोगी पडला.

१८४९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे त्यांचा विवाह मारी लोराँ यांच्याशी झाला. पतीने तोंडी सांगितलेल्या नोंदी लिहून घेण्याचे काम मारी यांनी वर्षानुवर्षे केले.

लीलमधल्या पिंपांत काय दिसले?

१८५४ मध्ये पाश्चर उत्तर फ्रान्समधील लील या औद्योगिक शहरात विज्ञान शाखेचे अधिष्ठाता झाले. त्या भागात बिटापासून अल्कोहोल बनवण्याचे कारखाने होते. १८५६ मध्ये बिगो नावाचे एक कारखानदार त्यांच्याकडे आले. त्यांचा मुलगा पाश्चर यांचा विद्यार्थी होता. बिगो यांची तक्रार अशी की, काही पिंपांत अल्कोहोल नीट तयार होते, तर काही पिंपे आंबट होऊन वाया जातात. कच्चा माल तोच, कामगार तेच, पद्धतही तीच.

पाश्चर यांनी कारखान्यात जाऊन दोन्ही प्रकारच्या पिंपांतील रसाचे नमुने घेतले. चांगल्या पिंपातील थेंबात यीस्टचे गोल, टपोरे कण दिसले. नासलेल्या पिंपात त्यांच्या जोडीला अगदी बारीक, काडीसारखे जीव होते आणि त्या रसात लॅक्टिक आम्ल होते. दूध आंबले की जे तयार होते, तेच हे आम्ल.

त्या काळी जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांचा शब्द प्रमाण मानला जाई. आंबणे म्हणजे कुजणाऱ्या पदार्थाची रासायनिक प्रक्रिया, असे त्यांचे मत होते. यीस्ट सजीव आहे असे काही शास्त्रज्ञांनी १८३० च्या दशकात सांगितले होते, पण त्यांची थट्टा झाली होती. पाश्चर यांनी १८५७ मध्ये आपला निबंध मांडला आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्यामागे विशिष्ट सजीव असतो, अशी भूमिका घेतली. यीस्ट असेल तर अल्कोहोल, ते काडीसारखे जीव असतील तर आम्ल.

याचा व्यवहारी अर्थ मोठा होता. पिंप आपोआप नासत नाही. त्यात नको असलेला पाहुणा शिरलेला असतो. आणि पाहुणा शिरत असेल तर त्याला दारातच अडवताही येईल.

जंतू येतात कुठून?

पुढचा प्रश्न हाच होता. हे सूक्ष्म जीव पदार्थातून आपोआप जन्माला येतात, असे मानणारा मोठा वर्ग होता. रूआँ येथील निसर्गअभ्यासक फेलिक्स पूशे हे त्यांचे फ्रान्समधील प्रमुख. पाश्चर यांनी त्यांना उत्तर दिले ते काचेच्या भांड्यांनी.

त्यांनी चंबूंची मान तापवून हंसाच्या मानेसारखी लांब आणि वाकडी केली. आत पोषक द्राव भरून तो उकळला. हवा आत जाऊ शकत होती, पण तिच्यासोबतची धूळ वळणात अडकून राही. असा द्राव दीर्घकाळ स्वच्छ राहिला. मान तोडली, किंवा चंबू कलता करून द्राव वळणातल्या धुळीपर्यंत नेला, की तो गढूळ होई.

१८६० मध्ये ते बंद चंबू घेऊन डोंगरांत गेले. जुरा पर्वताच्या पायथ्याशी उघडलेल्या २० चंबूंपैकी ८ नासले, ८५० मीटर उंचीवर २० पैकी ५, तर आल्प्समधील मेर द ग्लास या हिमनदीजवळ २० पैकी फक्त १. हवा जितकी स्वच्छ, तितके नासणे कमी. या कामासाठी १८६२ मध्ये त्यांना विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले.

त्यानंतर १८६४ मध्ये त्यांनी आर्ब्वामध्ये वाइनच्या नासण्याचा अभ्यास केला. वाइन ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत थोडा वेळ तापवली तर ती टिकते, असे त्यांनी दाखवले आणि १८६५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आज दुधासाठी वापरला जाणारा पाश्चरायझेशन हा शब्द याच प्रयोगांतून आला.

प्रयोगशाळेबाहेर त्यांच्यावर काय ओढवले?

याच वर्षांत पाश्चर यांच्या घरात एकामागून एक मृत्यू झाले. सप्टेंबर १८५९ मध्ये नऊ वर्षांची थोरली मुलगी जान टायफॉइडने गेली. १८६५ मध्ये जूनमध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची कामीय गेली. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील, पुन्हा टायफॉइडनेच. पाच मुलांपैकी एक मुलगा आणि एक मुलगी एवढीच उरली. टायफॉइडचा जिवाणू तोवर कुणी पाहिलाही नव्हता. तो १८८० मध्ये दिसला.

पिंप नासवणारा जीव शोधणाऱ्या माणसाला आपल्या मुलींना नेणारा जीव कोणता हे सांगता येत नव्हते. मद्याचे आजार आणि माणसाचे आजार यांत साम्य असावे, ही शक्यता तो १८६० च्या सुमारास मांडू लागला होता. ती त्याच्यासाठी नुसती विद्वत्सभेतली गोष्ट राहिली नव्हती.

ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू लुळी पडली. ते पुन्हा चालू लागले, पण डावा हात कायमचा अधू राहिला. त्यानंतरचे बरेचसे नाजूक प्रयोग त्यांनी सहकाऱ्यांच्या हातांनी केले.

मग बीअरकडे ते का वळले?

कारण होते युद्ध. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध भडकले आणि फ्रान्सचा पराभव झाला. मुलगा जाँ-बाप्तिस्त सैन्यात होता. जानेवारी १८७१ मध्ये माघार घेणाऱ्या सैन्याची वाताहत झाली, तेव्हा पाश्चर बर्फातून त्याला शोधत निघाले आणि पोंतार्लिए येथे तो सापडला. त्याच महिन्यात त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठाने दिलेली सन्माननीय पदवी परत केली.

युद्धात फ्रान्सने आल्सास आणि लोरेनचा काही भाग गमावला. बीअरसाठी प्रसिद्ध असलेले स्ट्रासबर्ग त्यासोबतच गेले. जर्मन बीअरचा दर्जा फ्रेंच बीअरहून सरस मानला जाई. निदान या एका धंद्यात जर्मनांवर मात करायची, असे पाश्चर यांनी ठरवले. १८७१ मध्ये ते क्लेरमाँ-फेराँ येथे जुने शिष्य एमिल द्युक्लो यांच्याकडे मुक्कामाला होते. जवळच्या शामालिएर येथील कून यांच्या छोट्या ब्रुअरीत त्यांनी काम सुरू केले. जूनमध्ये नव्या पद्धतीचे पेटंटही घेतले आणि या बीअरला राष्ट्रीय सूडाची बीअर असे नाव सुचवले.

गंमत म्हणजे पाश्चर यांना स्वतःला बीअरची फारशी आवड नव्हती. दोन बीअरच्या चवींतला बारीक फरकही त्यांना नीट कळत नसे. जिभेचे काम त्यांनी मित्रांवर सोपवले आणि स्वतः सूक्ष्मदर्शक धरला.

लंडनच्या ब्रुअरीत काय घडले?

सप्टेंबर १८७१ मध्ये पाश्चर लंडनला गेले. तिथल्या व्हिटब्रेड या मोठ्या ब्रुअरीत त्यांनी पोर्टर या काळपट बीअरच्या यीस्टचा नमुना मागितला. तो काचपट्टीवर ठेवून पाहिला तर यीस्टच्या गोल कणांमध्ये नको असलेले तंतू आणि काड्या दिसल्या. ही बीअर ठीक नसणार, हे त्यांनी न चाखताच सांगितले. व्यवस्थापकांनाही तिच्याबद्दल शंका होतीच.

आठवडा उलटण्याआधी पाश्चर पुन्हा तिथे गेले, तेव्हा ब्रुअरीने सूक्ष्मदर्शक विकत आणला होता आणि दूषित यीस्ट बदलून टाकले होते. तोवर वास, चव आणि अनुभव यांवर चालणाऱ्या या धंद्यात बिघाड कळे तो बीअर नासल्यावर. सूक्ष्मदर्शकामुळे तो आधीच कळू लागला.

पाश्चर यांनी सुचवलेला उपाय कोणता?

त्या काळी उकळलेले वॉर्ट रुंद, उथळ, उघड्या हौदांत थंड होण्यासाठी तासन्तास ठेवले जाई. पाश्चर यांच्या दृष्टीने ही जंतूंना दिलेली खुली पंगत होती. त्यांनी सुचवलेल्या पद्धतीत वॉर्ट बंद भांड्यात गरम असतानाच भरले जाई आणि भांड्यावर बाहेरून पाण्याचे फवारे मारून ते थंड केले जाई. हवा आत घ्यायची तर ती गाळून. या पद्धतीला १८७३ मध्ये अमेरिकेतही पेटंट मिळाले. जंतुमुक्त यीस्टसाठीचे दुसरे अमेरिकी पेटंटही त्याच वर्षीचे.

१८७६ मध्ये त्यांचा बीअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात नासलेल्या बीअरमधील जिवांची चित्रे होती. आंबट बीअरमधले वेगळे, तार सुटलेल्या बीअरमधले वेगळे, व्हिनेगरसारख्या झालेल्या बीअरमधले आणखी वेगळे. ग्रंथाचे सूत्र असे की, बीअरमधील प्रत्येक दोषामागे बाहेरून आलेला जीव असतो, आणि तो तीन वाटांनी येतो : हवेतून, भांड्यांतून आणि खुद्द यीस्टमधून.

आजच्या नवशिक्याने यातून काय घ्यायचे?

घरगुती बीअरचे नियम या तीन वाटांभोवतीच फिरतात. त्यातही भांड्यांची वाट माणसाच्या हातात सर्वाधिक असते.

* आधी धुणे, मग सॅनिटाइझ करणे : ही दोन वेगळी कामे आहेत. धुण्याने डोळ्यांना दिसणारा मळ जातो. सॅनिटायझरने न दिसणारे जंतू इतके कमी होतात की यीस्ट त्यांना सहज मागे टाकते. भांड्याला चिकट थर असेल तर जंतू त्याच्या आड सुरक्षित राहतात. त्यामुळे खरकट्या भांड्यावर सॅनिटायझर ओतणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

* मळ वाळू देऊ नये : पिंप रिकामे होताच धुतले तर काठावरचा फेसाचा थर सहज निघतो. वाळलेल्या थरासाठी सोडियम परकार्बोनेटसारख्या अल्कधर्मी पावडरीच्या गरम पाण्यात भांडे भिजवून ठेवतात. सुगंधी साबण टाळतात, कारण त्याचा वास राहतो आणि त्याच्या अंशाने बीअरचा फेस बसतो.

* प्लास्टिक खरवडू नये : तारेच्या घासणीने पडलेल्या बारीक चऱ्यांत जंतू दडतात. मऊ स्पंज पुरतो. चरे पडलेले पिंप आणि जुनी नळी बदलणेच बरे. तोटी उघडून तिचे भाग सुटे करून धुवावे लागतात.

* उकळीनंतर लागणारी प्रत्येक वस्तू सॅनिटाइझ करणे : उकळण्याचे पातेले नुसते स्वच्छ असले तरी चालते, कारण उकळी आपले काम करते. पिंप, झाकण, नळी, तापमापक, पळी, बाटल्या, बुचे, अगदी यीस्टचे पाकीट कापायची कात्रीसुद्धा यादीत येते.

* प्रमाण आणि वेळ पाळणे : आयोडीनयुक्त सॅनिटायझर साधारण १२.५ पीपीएम इतका पातळ करून पृष्ठभाग किमान दोन मिनिटे ओला ठेवतात आणि निथळू देतात. फॉस्फोरिक आम्लयुक्त सॅनिटायझरही योग्य प्रमाणात वापरला तर पुन्हा विसळावा लागत नाही. क्लोरीनचे ब्लीच वापरल्यास नीट विसळावे लागते, नाहीतर बीअरला औषधासारखा वास येतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सॅनिटाइझ करणे आणि पूर्ण निर्जंतुक करणे यांतही फरक आहे. काही जिवाणू कठीण कवचाचे बीजाणू तयार करतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. १८७६-७७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर हेन्री बास्टियन यांच्याशी झालेल्या वादात पाश्चर यांच्या प्रयोगशाळेला याची पुरती जाणीव झाली. त्यातून काच कोरड्या उष्णतेने आणि द्राव वाफेच्या दाबाखाली तापवण्याची शिस्त आली. त्यांचे सहकारी शार्ल शांबेरलाँ यांनी विकसित केलेला ऑटोक्लेव्ह आज प्रत्येक रुग्णालयात असतो. बीअरला एवढ्याची गरज नसते. आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स यांमुळे तिच्यात रोगजंतू सहसा वाढत नाहीत. यीस्टला आघाडी मिळाली की पुरते.

पाश्चर कुठे कमी पडले?

तिसऱ्या वाटेवर, म्हणजे यीस्टवर. यीस्ट शुद्ध करण्यासाठी पाश्चर ते टार्टारिक आम्ल आणि थोडे अल्कोहोल असलेल्या द्रावात वाढवत. त्याने जिवाणू मागे पडत. पण यीस्टमध्ये दुसऱ्याच जातीचे रानटी यीस्ट मिसळलेले असेल तर?

हा प्रश्न सोडवला कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी. ब्रुअरीचे मालक जे. सी. याकोबसेन हे पाश्चर यांचे चाहते होते. १८७५ मध्ये त्यांनी ही प्रयोगशाळा उभारली. तिथली बीअर कडू होऊ लागली, तेव्हा हान्सेन यांनी यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवण्याची रीत काढली आणि दोष रानटी यीस्टचा असल्याचे दाखवले. टार्टारिक आम्लाची पाश्चर यांची युक्ती अशा रानटी यीस्टला उलट मदतच करते, हेही पुढे आले. नोव्हेंबर १८८३ मध्ये कार्ल्सबर्गने शुद्ध यीस्टपासून बीअर बनवली आणि याकोबसेन यांनी ते यीस्ट इतर ब्रुअरींनाही मोफत दिले.

ब्रुअरीतून रुग्णालयात हा विचार कसा पोहोचला?

ग्लासगोचे शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये पाश्चर यांचे लेखन वाचले. द्राव बाहेरून आलेल्या जिवांनी नासत असेल तर जखमही तशीच चिघळत असणार, असा विचार करून त्यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा धुण्यास सुरुवात केली. १८७४ मध्ये पत्र लिहून त्यांनी पाश्चर यांचे आभार मानले.

फ्रान्समधील डॉक्टर मात्र एका रसायनशास्त्रज्ञाचे ऐकायला तयार नव्हते. ३० एप्रिल १८७८ रोजी पाश्चर यांनी वैद्यक अकादमीपुढे जंतुसिद्धान्त मांडला. शल्यविशारदांनी हात काळजीपूर्वक धुवावेत, उपकरणे पूर्ण स्वच्छ असावीत, पट्ट्या आणि स्पंज आधी १३० ते १५० अंशांपर्यंत तापवावेत, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी बाळंतज्वरावरील चर्चेत त्यांनी वक्त्याला मध्येच थांबवले आणि या रोगाचा साखळीसारखा जिवाणू फळ्यावर काढून दाखवला.

हा आग्रह घरीही सुटला नाही. जेवणाच्या टेबलावर ते ताटे आणि पेले पुसून घेत. हस्तांदोलनही ते शक्यतो टाळत.

१८८१ मध्ये पुयी-ल-फोर येथे त्यांनी मेंढ्यांवर अँथ्रॅक्सच्या लशीचा जाहीर प्रयोग यशस्वी केला. जुलै १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मेस्टरला लस दिली आणि तो वाचला. या यशाला काळी बाजूही आहे. अँथ्रॅक्सच्या त्या प्रयोगातली लस शांबेरलाँ यांच्या पद्धतीने केलेली होती आणि पाश्चर यांनी तसे उघड सांगितले नव्हते, हे त्यांच्या खासगी नोंदवह्यांतून १९९५ मध्ये ठळकपणे समोर आले.

मुंबईशी या कथेचा काय संबंध?

पाश्चर संस्थेत काम केलेले वॉल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा त्यांनी तिथे लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची त्यांची प्रयोगशाळा म्हणजेच आजची हाफकिन संस्था.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. लस टोचताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले गेले, असा पुरावा नंतर पुढे आला. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. चिमटा कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला होता, ज्योतीवर धरला नव्हता. धुणे आणि निर्जंतुक करणे यांतला फरक किती महाग पडू शकतो, याचे हे उदाहरण.

पाश्चर यांची अखेर कशी झाली?

लोकवर्गणीतून उभारलेली पॅरिसची पाश्चर संस्था १४ नोव्हेंबर १८८८ रोजी सुरू झाली. तोवर पाश्चर यांची प्रकृती खालावली होती. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी संस्थेच्या तळघरात आहे. तिथल्या रंगीत मोझेकमध्ये मेंढ्या, कोंबड्या, कुत्रे, तुतीची पाने आणि द्राक्षवेली यांच्यासोबत हॉप्सचे वेलही आहेत.

जर्मनांना बीअरमध्ये हरवण्याचा त्यांचा बेत काही सिद्धीस गेला नाही. पण म्युनिकपासून मिलवॉकीपर्यंत आज जी लागर बीअर बनते, तिच्या यीस्टचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस पास्तोरियानस असे आहे. म्हणजे पाश्चर यांचेच.